लेबल पिणारी माणसं

शिसपेन्सिलीचं टोक, सिगारची रिकामी पेटी, घोड्याचं जुनं खोगीर, पावसानंतरचा ओला पालापाचोळा आणि देवदाराचा भुसा.

ही यादी वाचून आपल्याला वाटेल, कुठल्या तरी संस्थानिकाच्या वाड्यावर जप्ती आली आहे आणि बेलिफ पंचनामा करतो आहे. तसं काही नाही. हे एका पेयाचं कौतुक आहे. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला बोर्दो नावाचं शहर आहे. त्याच्या आसपासच्या मळ्यांतली लाल वाइन वीस-तीस वर्षं बाटलीत मुरली की तिच्यात हे सगळे जिन्नस दरवळू लागतात, असं जाणकार सांगतात. यातला एकही जिन्नस शहाणा माणूस आपण होऊन तोंडात घालणार नाही. मी शाळेत पेन्सिल चघळायचो तेव्हा मास्तरांनी छडी उगारली होती. माझ्यात दडलेला रसिक बिचाऱ्यांना दिसला नसावा!

एक खुलासा सुरुवातीलाच करून टाकतो. माझं भांडण वाइनशी नाही. ‘दारू ती दारूच, तिचे कसले लाड?’ म्हणणाऱ्या पक्षातला मी नव्हे. पदार्थ मुरतो म्हणजे काय होतं, हे मराठी माणसाला परदेशातून शिकून यावं लागत नाही. नव्या तांदळाचा भात गिचका होतो आणि जुन्याचा मोकळा, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. बोर्दोचंही तसंच आहे. कॅबर्ने सोव्हिन्यों आणि मेर्लो ही तिथली मुख्य द्राक्षं. त्यांच्या सालीत नि बियांत, शिवाय ज्या २२५ लिटरच्या पिंपात वाइन ठेवतात त्या ओकच्या लाकडात, टॅनिन नावाचं द्रव्य असतं. फार उकळलेला चहा प्याल्यावर जीभ कोरडी पडते ना, ते काम या टॅनिनचं. वाइन तरुण असते तेव्हा ते तोंडात नुसतं कुऱ्हाड घेऊन फिरत असतं. वर्षं गेली की टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना धरून जड होतात आणि साका होऊन बाटलीच्या तळाशी बसतात. जांभळा रंग उतरतो, कडेला विटकरी झाक येते, तुरटपणा मावळतो. वयाबरोबर माणसाचंही असंच व्हावं अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात बऱ्याच जणांचा साका तेवढा जमतो, तुरटपणा जसाच्या तसा राहतो.

तर वाइन निर्दोष आहे. माझं भांडण आहे ते वाइनच्या नावाखाली लेबल पिणाऱ्यांशी.

जुनी बोर्दो उघडण्याचा एक विधी आहे. बाटली एक-दोन दिवस आधी उभी करून ठेवायची, म्हणजे साका खाली बसतो. मग तिला धक्का न लावता बूच काढायचं. जुनं बूच मऊ पडलेलं असतं, त्यामुळे हे काम दुखऱ्या दाढेच्या डॉक्टरासारखं हलक्या हाताने करावं लागतं. मग बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती लावून वाइन हळूहळू काचेच्या सुरईत ओतायची. मानेशी साक्याची काळी रेघ दिसली की थांबायचं. हे सगळं शास्त्रशुद्ध आहे. फक्त एवढंच, की बेरी खाली ठेवून वरचं तूप अलगद बरणीत ओतणाऱ्या कोणत्याही गृहिणीला हे मेणबत्तीशिवाय जमतं, आणि त्याबद्दल तिला कोणी पदविका देत नाही.

पुढे पेला पांढऱ्या कापडासमोर तिरका धरून कडेचा रंग पाहायचा. पेला गोल फिरवायचा. नाक आत घालायचं. घोट घ्यायचा आणि तोंडातल्या तोंडात हवा ओढत सुर्रर्र असा आवाज करायचा. हाच आवाज मी बशीतून चहा पिताना केला की घरात डोळे वटारले जातात. बोर्दोत त्याला रसास्वाद म्हणतात. आणि चाखणं हाच ज्यांचा धंदा आहे, ती मंडळी शेवटी ती वाइन चक्क थुंकून टाकतात! दिवसाला पन्नास-साठ वाइन चाखायच्या तर दुसरा इलाज नाही, हे मान्य. पण निदान तीस वर्षांच्या म्हातारीला तरी असं वागवू नये.

इथपर्यंतही माझी तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती तोंड रिकामं झाल्यावर, कारण आता बोलायचं असतं. सगळे आधी पेल्याकडे बघतात, मग हळूच लेबलाकडे, मग एकमेकांकडे. लेबल मोठं असलं की एक जण धीर करून म्हणतो, ‘देवदार!’ दुसरा ताबडतोब म्हणतो, ‘अगदी! आणि मागून थोडा सिगार.’ तिसऱ्यासाठी खोगीर तेवढं उरलेलं असतं, ते तो उचलतो. गाण्याच्या बैठकीत सम यायच्या आत मान डोलावणारे श्रोते आपण पाहिलेले आहेत. हे त्यांचेच चुलतभाऊ.

मी हे आकसाने बोलतो असं वाटत असेल, तर खुद्द बोर्दोच्याच विद्यापीठातली गोष्ट ऐका. फ्रेडरिक ब्रोशे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांपुढे एक पांढरी आणि एक लाल वाइन ठेवली. खरं तर दोन्ही पांढऱ्याच. एकीत फक्त वास नसलेला लाल रंग मिसळलेला! विद्यार्थ्यांनी त्या रंगवलेल्या पांढऱ्या वाइनचं वर्णन लाल वाइनच्या खास शब्दांत केलं. याच ब्रोशेने आणखी एक उद्योग केला. एकच मध्यम प्रतीची बोर्दो त्याने दोन बाटल्यांत भरली, एकीवर बड्या घराण्याचं लेबल, दुसरीवर रोजच्या जेवणातल्या स्वस्त वाइनचं. पहिलीची वाहवा झाली आणि दुसरीला नावं ठेवली गेली. त्या विद्यार्थ्यांना मी हसत नाही. डोळ्यांना दिसतं तेच नाकाला कळवलं जातं, हा मनुष्यस्वभाव आहे. पण मग डोळे मिटून प्या की!

ते कोणी करत नाही, कारण बोर्दोत लेबलाला घटनात्मक दर्जा आहे. १८५५ साली तिसऱ्या नेपोलियनने पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरवलं. त्यासाठी बोर्दोच्या वाइनची प्रतवार यादी हवी होती. ती यादी कोणी केली? वाइनच्या दलालांनी. किती दिवसांत? पंधरवड्याच्या आत. कशावरून? बाजारात कोणत्या मळ्याच्या वाइनला काय भाव मिळतो यावरून! ज्याचा भाव जास्त त्याचा वर्ग वरचा. असे पाच वर्ग पाडले. पहिल्या वर्गात चारच मळे: लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों. यातलं लातूर पाहून मराठवाड्याने हुरळून जाऊ नये आणि मार्गो पाहून कोणी आंघोळीला जाऊ नये.

मी बँकेत कारकून आहे, शिवाय वाणिज्य शाखेचा पदवीधर. भाव म्हणजे काय, हे मला थोडंफार कळतं. भावावरून वर्ग ठरला, ही एक वेळ व्यवहाराची गोष्ट झाली. पण वर्ग ठरल्यावर त्या वर्गावरूनच पुढचा भाव ठरायला लागला. हिशेबाच्या भाषेत याला काय म्हणतात ते सांगत नाही, पण असा ताळेबंद मी साहेबांपुढे ठेवला तर साहेब चष्मा काढून माझ्याकडे बघतील. बरं, ही यादी दर पाच वर्षांनी तपासतात म्हणावं, तर तेही नाही. पहिल्या वर्गात त्यानंतर बढती मिळाली ती एकाच मळ्याला. मूतों-रोत्शिल्ड हा तो मळा (हा उच्चार मराठी घरात जरा जपूनच करावा). त्याच्या मालकाने कित्येक दशकं खटपट केली, तेव्हा १९७३ साली शेतकीमंत्री झाक शिराक यांनी सही केली. एका बढतीला ११८ वर्षं! आमच्याकडे इतकी वाट पाहावी लागत नाही, निवृत्तीचं वय आधी येतं. आणि गंमत म्हणजे नदीच्या उजव्या तीरावरचा एकही मळा या यादीत नव्हता, अजूनही नाही. त्याच तीरावरची पेत्रुस आज जगातल्या महागड्या वाइनमध्ये मोडते आणि यादीवाचून तिचं काही अडलेलं नाही.

लेबल झाकलं की काय होतं, ते २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये दिसलं. स्टीव्हन स्परियर नावाच्या इंग्रज वाइन-दुकानदाराने नऊ फ्रेंच जाणकार बोलावले आणि बाटल्यांची नावं झाकून फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन त्यांच्यापुढे ठेवल्या. लाल वाइनमध्ये बोर्दोचे मूतों आणि ओ-ब्रियों हजर होते. पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप. निकाल ऐकल्यावर एका परीक्षक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली! आपल्याकडे फेरतपासणीचा अर्ज परीक्षार्थी करतो. परीक्षकाने करावा, हा बोर्दोचा महिमा. मग युक्तिवाद निघाला की अमेरिकन पोरी आज देखण्या दिसतात, पण म्हातारपणी बघा, आमच्याच टिकतील. तीस वर्षांनी, २००६ साली, त्याच वाइन पुन्हा नावं झाकून चाखल्या. पहिल्या पाचही जागा कॅलिफोर्नियाने घेतल्या. जुनं होणं ही बोर्दोची खास मक्तेदारी, हा शेवटचा बुरूजही त्या दिवशी ढासळला.

यावर कोणी म्हणेल, ‘जाऊ द्या हो, पैसेवाल्यांचे चोचले! तुमचं काय जातं?’ माझं काही जात नाही, वाइनचं जातं. कारण लेबल पिणाऱ्यांना पुढे पुढे प्यायचीही गरज उरत नाही. बोर्दोचे बडे मळे वाइन पिंपात असतानाच, सुगीनंतरच्या वसंतात, विकायला काढतात. पैसे आज, बाटली दोनेक वर्षांनी. मग ती बाटली जकात न भरलेल्या मालाच्या गोदामात जाऊन पडते. तिथल्या तिथे तिचा मालक बदलतो, पुन्हा बदलतो. मालकांनी तिला पाहिलेलंही नसतं. वाइनची अशी मुदत ठेव होते. फरक इतकाच, की ठेवीची मुदत संपली की नूतनीकरण करता येतं. वाइन एका वयापर्यंत चढते, काही काळ तिथे रेंगाळते आणि मग उतरते ती उतरतेच. घसारा लागू असलेल्या मालाला ही मंडळी चक्रवाढ व्याज लावत बसतात.

याचा कळस १९८५ च्या डिसेंबरात लंडनला झाला. १७८७ सालची म्हणून लाफितची एक बाटली लिलावात आली. काचेवर टॉमस जेफर्सनची आद्याक्षरं कोरलेली. फोर्ब्स घराण्याने ती १,०५,००० पौंडांना घेतली आणि न्यूयॉर्कला आपल्या दालनात दिव्याखाली मांडून ठेवली. दिव्याच्या उष्णतेने बूच सुकलं आणि एके दिवशी अलगद बाटलीच्या आत पडलं. संपलं! एक घोटही कोणाच्या घशाखाली न उतरता एक लाख पाच हजार पौंड प्रदर्शन पाहता पाहता वारले. पुढे याच जातीच्या चार बाटल्या घेणाऱ्या बिल कोक यांनी तपास लावला, तेव्हा त्यांच्या बाटल्यांवरची अक्षरं विजेवर चालणाऱ्या हत्याराने कोरलेली असावीत, असं तज्ज्ञांचं मत पडलं. १७८७ साली वीज फक्त आभाळात होती.

आणि तो रूडी कुर्नियावान! अमेरिकेतल्या धनवान रसिकांच्या बैठकीतला हा लाडका जाणकार. बड्या जुन्या वाइनच्या रिकाम्या बाटल्या हॉटेलांतून तो मागून घ्यायचा. रसिकांना वाटायचं, आठवण म्हणून जपतो. २०१२ साली त्याला अटक झाली तेव्हा घरात बुचं, लेबलं आणि कशात काय मिसळायचं याच्या टिपणांसकट अख्खा कारखाना सापडला. २०१४ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. आपल्या गल्लीत ‘डबा-बाटलीऽऽ’ ओरडत येणाऱ्या माणसाला त्याच्या धंद्याची अर्धी बाजूच माहीत आहे, असं तेव्हापासून मला वाटत आलं आहे. कुर्नियावानने कायद्याचा गुन्हा केला, त्याची शिक्षा त्याने भोगली. पण ती मिसळ पिऊन माना डोलावल्या कोणी? त्यांच्यावर खटला नाही.

लेबलाच्या या महात्म्यात आपल्या देशाचाही खारीचा वाटा आहे. सँत-एस्तेफ गावात कॉस देस्तुर्नेल नावाचा मळा आहे. त्याचा मालक लुई-गास्पार देस्तुर्नेल एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपली वाइन जहाजाने हिंदुस्थानात पाठवायचा. जी खपायची नाही ती परत यायची. ती चाखून पाहिली तर प्रवासाने आणखी सुधारलेली निघाली, असं सांगतात. गड्याने परत आलेल्या बाटल्यांवर ‘हिंदुस्थानातून परत’ या अर्थाचं ‘आर’ हे अक्षर घालायला सुरुवात केली आणि तळघराच्या इमारतीवर पॅगोडे चढवले. आमच्याकडे चेक परत आला तर पत जाते. इथे माल परत आला आणि पत वाढली! मात्र हौसेपायी त्याच्यावर कर्ज झालं, १८५२ साली मळा लंडनच्या एका बँकरला विकावा लागला आणि पुढच्या वर्षी तो वारला. त्यानंतर दोन वर्षांनी यादीत त्याच्या मळ्याला दुसरा वर्ग मिळाला. मला हा माणूस आवडतो. लेबलावर अक्षर चढवण्याआधी त्याने निदान बाटली उघडून पाहिली होती.

आता विरुद्ध पक्षाचा हुकमी मुद्दा: ‘तुम्हाला कळत नाही, म्हणून तुम्ही असं बोलता. गाणं कळायला जशी तालीम लागते, तशी वाइनलाही लागते.’ लागते ना! कबूल. लेबल न बघता नुसत्या घोटावरून गाव आणि साल सांगणारी माणसं जगात आहेत. त्यांच्यापुढे मी टोपी काढतो. पण पाहा, ती माणसं लेबल झाकूनच परीक्षेला बसतात. ज्याला राग ओळखता येतो, तो कार्यक्रमपत्रिका डोळ्यांपुढे धरून बसत नाही.

आणि मी जुनी बोर्दो चाखलेली आहे. माझा मावसभाऊ बोर्दोत नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो असताना लिबूर्नजवळच्या एका खेड्यात त्याच्या ओळखीच्या निवृत्त मास्तरांकडे जेवायला गेलो होतो. या मास्तरांची मुलगी १९९० ची. त्या सालच्या सुगीच्या बारा बाटल्या त्यांनी शेजारच्या मळेवाल्याकडून घेऊन ठेवल्या होत्या. मळा असा, की कुठल्याही यादीत त्याचं नाव नाही. मुलगी शाळेची शेवटची परीक्षा पास झाली तेव्हा एक फोडली, नोकरीला लागली तेव्हा एक, लग्नात चार. शेवटची एक उरली होती, ती मास्तरांनी त्या गुरुवारी काढली. मी भावाला हळूच विचारलं, ‘अरे, आज काय विशेष?’ त्याने मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, ‘हिने बदक फार छान शिजवलंय.’

बूच मध्येच तुटलं. मास्तरांनी स्वयंपाकघरातून चहाची गाळणी आणली आणि तिच्यातून वाइन गाळली. मेणबत्ती नाही, प्रवचन नाही. पहिल्या घोटाला मला काही कळलं नाही. नुसतं मऊ, जरासं आंबटसर. दुसऱ्या घोटाला मास्तरांनी भावामार्फत विचारलं, ‘यांना काय आठवलं?’

काय कळलं, असं नाही विचारलं. काय आठवलं, असं विचारलं.

आणि मला आठवले आमचे आजोबा. त्यांची तपकिरीची डबी. पावसाळ्यात वाड्याच्या माजघरातलं लाकडी कपाट उघडलं की यायचा तो वास, त्यात जुन्या वह्या, कापूर आणि त्यांचा कोट. भावाने ते सगळं भाषांतर करून सांगितलं. मास्तर हसले आणि आपल्या बायकोकडे वळून काहीतरी म्हणाले. त्यांना त्यांच्या वडिलांचं तंबाखू वाळवायचं कोठार आठवलं होतं. देवदार आणि सिगार शेवटी आलेच म्हणा ना, पण आमच्या दोघांच्या घरून आले. पाऊण तासात ती वाइन उतरली. वास फिका झाला, उरली नुसती आंबूस चव. पण तेवढ्या पाऊण तासात माझे आजोबा फ्रान्समध्ये येऊन गेले होते.

ही ताकद त्या बाटलीत असते, आणि म्हणूनच मला राग येतो. गोदामात कुलूपबंद पडलेल्या त्या हजारो बाटल्यांत कोणाकोणाचे आजोबा, कोणाकोणाची कोठारं अडकून पडली असतील आणि वर भाव वाढतो म्हणून मालक खूश!

तेव्हा लेबलवाल्यांकडे माझ्या तीनच मागण्या आहेत. पहिली, बाटली मोज्यात घाला, वर्तमानपत्रात गुंडाळा, काही करा, पण लेबल झाका. दुसरी, शब्द स्वतःच्या घरचे वापरा. खोगीर म्हणायचं असेल तर आधी घोड्यावर बसून या. आणि तिसरी, ती उघडा. मुलीच्या लग्नाला उघडा, नाहीतर बदक चांगलं शिजलंय म्हणून उघडा. बदक खात नसाल तर भरली वांगी चांगली झाली आहेत म्हणून उघडा. बुचाला मुदतवाढ मिळत नाही, आणि ज्यांच्याबरोबर प्यायची त्या माणसांनाही मिळत नाही.

एवढं करून पेन्सिलीचा वास आलाच, तर खुशाल सांगा. मी मान डोलावीन. फक्त कृपा करून थुंकू नका.